आखूड दस्त्याची रायफल

"मोठी घे," तात्यामामा माझ्या कानाशी पुटपुटला. "ती पहिली, दुनळी. हातात मोठी बंदूक असली की माणूस आपोआप मोठा दिसतो."

हा टोमणा माझ्या उंचीवर होता. पण मी आजोळच्या वळणावर गेलेलो, म्हणजे मामाच्याच मापाचा. तेव्हा त्यानं तो मारावा यात काही अर्थ नव्हता.

आमच्यासमोर आप्पासाहेब सरनोबत उभे होते. संस्थानच्या शिकारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. संस्थान विलीन झालं, शिकारखाना बंद झाला, आणि आप्पासाहेबांच्या भरदार मिशा आणि बंदुका तेवढ्या शाबूत राहिल्या. भिंतीलगत सागवानी मांडणी होती. तिच्यात बंदुका उभ्या होत्या आणि आणखी एक बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

"घ्या डॉक्टर. हाताळा, खांद्याला लावून बघा," आप्पासाहेब म्हणाले. "दुपारनं गव्यावर जायचंय. काय घेऊन जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. एकच सांगतो. बंदूक मोठी का बारकी ते बघू नका. लागती का बघा."

"लागते म्हणजे?"

"ते ज्याला लागती त्याला सांगावं लागत न्हाई."

मी त्या वेळी राधानगरीच्या बाजूला गुरांचा सरकारी डॉक्टर होतो. तोंडावर लोक डॉक्टरसाहेब म्हणत आणि पाठ वळली की ढोरडॉक्टर. त्या उन्हाळ्यात सरनोबतांची म्हैस अडली म्हणून मला बोलावणं आलं. रेडकू आडवं आलेलं. मी बाही खांद्यापर्यंत चढवून हात घातला, आणि हात वीतभर कमी पडला. बोटांना रेडकाचा खूर नुसता लागत होता, धरता येत नव्हता. "देवानं हात देताना वीतभर जास्त दिला असता तर त्याचं काय गेलं असतं!" असं मी चक्क मोठ्यानं म्हणालो.

म्हशीची शेपटी धरून एक मुलगी उभी होती. ती हसली नाही. तिनं म्हशीला चुचकारत गोठ्यातल्या उताराकडे पाठ करून उभं केलं. म्हशीचा मागचा भाग खाली आला. "आता बघा," ती म्हणाली.

आता हात पोचला. रेडकू जिवंत निघालं, आणि मीही एका परीनं अडलेला होतो तो मोकळा झालो. त्या शेणामुताच्या वासात मला मघापासून एक वेगळाच वास येत होता. तो तिच्या केसांतल्या माक्याच्या तेलाचा होता, हे हात धुताना ती पाणी ओतायला वाकली तेव्हा कळलं. ही आप्पासाहेबांची मुलगी पद्मजा. लग्न करीन तर हिच्याशीच, असं मी परतीच्या वाटेवर सायकलला सांगून टाकलं, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

तात्यामामा मागणी घेऊन गेला. आप्पासाहेबांनी पत्रिका मागितली नाही, पगार विचारला नाही. "मुलाला गव्यावर घेऊन जातो, मग बोलू," एवढंच म्हणाले. माझ्याआधी दोन स्थळं याच वाटेनं येऊन गेली होती. एकजण बंदुकीच्या दणक्यानं खांदा निखळून, हात गळ्यात बांधून परत गेला. दुसरा म्हणे सांबराच्या शिकारीला झाडावर चढला तो सांबर निघून गेल्यावरही उतरेना. माझी बंदुकीशी ओळख कॉलेजातल्या एन.सी.सी.पुरती, तीही पुठ्ठ्याच्या चकतीशी लढताना झालेली. पण पद्मजा हवी होती, आणि दुसरं दार उघडं नव्हतं.

गव्याची गोष्ट मात्र खोटी नव्हती. तो एकांडा होता, कळपानं हाकलून दिलेला. कुरणवाडीच्या रानात उतरून त्यानं हौसाबाईच्या दावणीचे दोन्ही बैल फाडले होते. एका बैलाचं पोट मीच शिवलं, आणि तो माझ्या हाताखालीच गेला. सोडवायला धावलेल्या तिच्या मुलाची मांडी फोडली. तो नशिबानं जगला, पण कायमचा लंगडा झाला. मग त्या गव्याला मारायचा परवाना आप्पासाहेबांकडे आला.

मी आधी मामानं सुचवलेली दुनळी उचलली. नळीच्या मापानं चारशे सत्तरची होती. उचलली म्हणण्यापेक्षा तिनं मला वाकवलं. खांद्याला लावली तर नळी जमिनीकडे बघायला लागली, आणि चापापर्यंत बोट न्यायला मला मान बगळ्यासारखी लांब करावी लागली. मी ती जिथल्या तिथे ठेवली. मामानं मोठा सुस्कारा सोडला.

दुसरी तीनशे पंधराची, हलकीफुलकी. "ही सोपी आहे," मी म्हणालो, "पण हिची गोळी गव्याच्या खांद्यातनं जाणार नाही. कॉलेजात बैलाच्या खांद्याचं हाड करवतीनं कापलंय मी. करवत दमते. गवा तर त्याचा थोरला भाऊ."

आप्पासाहेबांची एक भुवई किंचित वर गेली. तिसरी बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक होती, ती मी बघितलीसुद्धा नाही.

मग भिंतीला टेकलेली उचलली. तीनशे पंचाहत्तरची. नळीचा रंग जागोजागी उडालेला, दस्ता मागून कापून आखूड केलेला आणि कापल्या जागी जाड चामडं शिवलेलं. खांद्याला लावली आणि डोळा आपोआप नळीच्या टोकाच्या माशीवर गेला. मान वळवावी लागली नाही, हात ताणावा लागला नाही. आयुष्यात तयार कपडा मला कधी बेतशीर बसला नव्हता. बाही दुमडायची नाही तर विजार. ही वस्तू पहिल्यांदाच कुणीतरी माझं माप घेऊन केल्यासारखी बसली.

"ही," मी म्हणालो.

आप्पासाहेब रायफलीकडे बघत होते. मग त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"हीच घेता?"

"हो."

"बरं," ते सावकाश म्हणाले. "विचार करून सांगा. एकदा घेतली की घेतली."

मामा माझं धोतर ओढायचं तेवढं बाकी ठेवून खुणा करत होता. पण मी विजार घातलेली होती आणि मन ठरलेलं होतं. "विचार झाला," मी म्हणालो.

त्यांनी टेबलावर काडतुसांचे दोन डबे मांडले. एकातल्या गोळ्यांचं टोक मऊ शिशाचं, उघडं. दुसऱ्यातल्या गोळ्या पोलादी कवचात पुऱ्या गुंडाळलेल्या. "ही सॉफ्ट, ही सॉलिड," आप्पासाहेब म्हणाले. "सॉफ्ट आत जाऊन फुलती. मोठी जखम करती. वाघाला ती बरी. बोला."

"सॉफ्ट आत जाऊन फुलेल, पण आत जायला तर पाहिजे. खांद्यावरच फुलली तर गवा नुसता जखमी होईल. जखमी गवा वाडीतच उतरणार, आणि शिवणकाम पुन्हा माझ्याकडे." मी दुसऱ्या डब्यावर बोट ठेवलं. "सॉलिड द्या. आडवा उभा राहिला तर दोन्ही चालतील, पण तो आपल्या सोयीनं उभा राहील कशावरून?"

"तुमच्या आधीच्यांनी डब्याकडं बघितलंच न्हवतं," आप्पासाहेब म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवत आत वळून ओरडले, "पद्मा! एक भोपळा दे बघू परसातला!"

पद्मजानं लाल भोपळा आणून दिला. मी तिच्याकडे बघितलं, तिनं बघितलं नाही. भोपळा पलीकडच्या बांधावर ठेवला. मी गुडघा टेकला, गाल दस्त्यावर टेकवला. लाकडाला कसलासा ओळखीचा वास होता, पण तो कसला ते आठवायला वेळ नव्हता. श्वास रोखून चाप ओढला. सगळं शिवार दणाणलं.

"लागली का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"कडेला लागली असावी. तुकडा उडालेला दिसतोय."

"भोपळ्याचं न्हाई विचारत. खांद्याला लागली का?"

"नाही. अजिबात दुखलं नाही."

"मग लागली म्हणायची," ते म्हणाले.

मी चक्रावलो. लागली नाही म्हणजे लागली, हे गणित मला काही सुटेना. दुसरी गोळी भोपळ्यावरून गेली, तिसरी बांधात शिरली. "भोपळा मिळाला," मामा खचल्या आवाजात म्हणाला, आणि तो उरलेला भोपळा उचलून स्वयंपाकघरात देऊन आला. जेवताना त्याचीच भाजी होती. मी ती मुकाट्यानं खाल्ली.

उन्हं कलायला लागल्यावर आम्ही निघालो. पोट बिघडल्याचं सांगून मामा घरीच राहिला. आप्पासाहेबांनी चारशे सत्तर खांद्यावर टाकली. "गुडघा साथ देत न्हाई, एका डोळ्यावर सारा आलाय, धड दिसत न्हाई," ते म्हणाले. "मी पाठीशी हाय ते आपलं गवा अंगावर आला तर. नेम तुमचा." पद्मजा पाण्याची बाटली आणि दुर्बीण घेऊन मागून चालत होती. शिकारखानेवाल्यांच्या घरात मुलीनं रानात येणं कुणाला नवल वाटत नसावं, असं मी धरून चाललो.

कुरणवाडीच्या वरच्या अंगाला ओढा होता. तिथं गवा पाण्यावर येतो असं वाडीकरांनी सांगितलेलं. करवंदीच्या जाळीआड आम्ही बसलो. पुढे मी, डाव्या हाताला आप्पासाहेब, आणि मागे पद्मजा. वारा आमच्याकडे येत होता. एक मोर ओढ्याच्या वाळूत उगाच फेऱ्या मारत होता. वाट बघताना मी पुन्हा पुन्हा गाल दस्त्यावर टेकवून बघत होतो, आणि तो वास पुन्हा पुन्हा येत होता.

गवा आला तेव्हा काही आवाज झाला नाही. समोरच्या झाडीत सावली होती ती पुढे सरकली, इतकंच. एवढा प्रचंड प्राणी, आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा हळू चालतो. पाण्यापाशी येऊन तो आडवा उभा राहिला. अगदी माझ्या सोयीनं.

"बघा," आप्पासाहेब कुजबुजले.

मी माशी त्याच्या पुढच्या पायाच्या रेषेवर आणली. त्या कातड्याखाली काय काय आहे ते मला पाठ होतं. हृदय किती वर, फुप्फुस कुठपर्यंत, हाड कुठं पातळ. सगळं दिसत होतं. पण माशी ठरत नव्हती. ती खांद्यावरून पोटावर जाई, पोटावरून पाण्यावर. आणि मला तो बैल आठवला, ज्याचं पोट मी शिवलं होतं. माझी गोळी अशीच कुठंतरी पोटात गेली तर हा खाली वाडीकडे धावेल. वाडीत चुली पेटत होत्या, धूर दिसत होता.

त्याच क्षणी तो वास ओळखीचा झाला. माक्याचं तेल! दस्त्यावर जिथं गाल टेकतो तिथल्या लाकडात ते मुरलं होतं. एका दिवसात मुरलेलं नव्हे. कित्येक वर्षं कुणीतरी तिथं गाल टेकवला होता, आणि त्याच्या वेणीचं तेल त्या लाकडानं प्यायलं होतं.

मला हसू यायला हवं होतं, पण मी चापावरचं बोट काढलं. आता काय करायचं ते स्पष्ट दिसत होतं, आणि ते केलं की काय होणार तेही. मी रायफल खाली ठेवली की तिसरं स्थळही परत जाणार. मामा वर्षभर बोलणार. पद्मजा दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार. ही शेवटची गोष्ट मला सोसणारी नव्हती. तरी खालचा धूर दिसतच होता.

मी मान न वळवता म्हणालो, "ह्याचं काळीज कुठं आहे ते मला ठाऊक आहे. गोळी तिथं पोचवायचा हात माझा नाही." आणि मग, "ही रायफल तुमची आहे ना?"

"होय," पद्मजा म्हणाली.

मी आप्पासाहेबांकडे बघितलं नाही. धीरच झाला नाही. रायफल जपून मागे सरकवली आणि स्वतः बाजूला झालो. ती माझ्या जागी आली. पदर खोचला, गाल टेकवला. माझ्या गालाची ऊब तिथं असणार, हे मनात आलं आणि त्या वेळीही माझे कान तापले.

"पुढच्या पायाच्या रेषेत," मी कुजबुजलो, "खालून तिसरा हिस्सा..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

दणका झाला. गवा जागच्या जागी थरारला, ओढा ओलांडून वर धावला, आणि तिथं काही आठवल्यासारखा थांबून गुडघ्यांवर बसला. मग कुशीवर गेला. आप्पासाहेब चारशे सत्तर रोखून होते. त्यांना ती चालवावी लागली नाही. थोड्या वेळानं त्यांनी नळी खाली केली आणि वळून बघितलं. गव्याकडे नव्हे, लेकीकडे नव्हे. माझ्याकडे.

"तिघांत तुम्ही पहिले," ते म्हणाले.

"कशात?"

"बंदूक खाली ठेवण्यात." एवढंच बोलून ते गुडघा धरून उठले.

बार ऐकून वाडी वर आली. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, काठी टेकत हौसाबाईचा लेकही. त्यानं लांबूनच गव्याला नमस्कार केला आणि मग मटकन खाली बसला. हौसाबाई सरळ पद्मजाकडे गेली, तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी पद्मजाची पाण्याची बाटली आणि दुर्बीण गळ्यात अडकवून उभा होतो, कारण कुणीतरी ती धरायला हवी होती.

"आणि ह्यो गं? ह्यो ढोरडॉक्टर तुजा कोण लागतुया?"

पद्मजानं आप्पासाहेबांकडे बघितलं. आप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या भरदार मिशा हलल्या.

"काय डॉक्टर," ते म्हणाले, "लागली का?"

आता मात्र त्या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही. "लागली," मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं म्हणालो की पोरं हसली.

"तुला गं?"

पद्मजा रायफलीतलं रिकामं काडतूस काढत होती. तिनं वर बघितलं नाही. "कधीचीच," ती म्हणाली.

हौसाबाईला यातलं काही समजलं नाही, पण तिनं माझ्याही कानशिलावर बोटं मोडली.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. गव्यावर बंदूक उगारणं आता गुन्हा आहे, आणि आम्हा दोघांनाही ते पटतं. पावसाळा सरला की आमच्या घरामागच्या माळावर गव्यांचा कळप उतरतो आणि आम्ही व्हरांड्यात बसून त्यातली वासरं मोजतो. पद्मजाची रायफल केव्हाच पोलिसांत जमा करून टाकली. आप्पा गेल्यावर त्यांची सागवानी मांडणी आमच्याकडे आली. तिच्यात आता आमच्या छत्र्या असतात आणि माझी काठी.

परवा काठी ठेवायला गेलो तर दोन छत्र्या आणि दुधवाल्याची विसरलेली एक, यांनी मांडणी भरली होती. काठीला जागाच नव्हती. मी ती भिंतीला टेकवून ठेवली, आणि बघतच राहिलो.

पद्मजा व्हरांड्यात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. "अगं," मी म्हणालो, "ह्या मांडणीला खाचा तीनच आहेत."

"मग?"

"मग तुझी रायफल कुठं असायची?"

"माझ्या खोलीत. कपाटामागं."

"त्या दिवशी ती बाहेर कशी आली?"

ती शेंगा सोलत राहिली. केस पांढरे झाले तरी माक्याचं तेल सुटलेलं नाही. "तुमचे हात आखूड," ती म्हणाली. "म्हशीच्या वेळी बघितलं होतं मी. आप्पांची एकही बंदूक तुम्हाला पुरली नसती."

मी खुर्चीत बसलो. इतकी वर्षं मी पाव्हण्यारावळ्यांना सांगत आलो होतो की, भल्याभल्यांना जमलं नाही ते मी एका नजरेत केलं, नेमकी रायफल उचलली. मामा तर शेवटपर्यंत ती आपलीच शिफारस होती असं सांगायचा.

"म्हणजे मी काही निवडलंच नाही म्हणायचं."

"निवडलंत की. मी नुसती ठेवली. उचलली तुम्ही. आणि खाली ठेवली तीही तुम्ही."

माळावर कळप आला होता. आम्ही थोडा वेळ तिकडे बघितलं. मग माझ्या मनात आलं ते मी विचारून टाकलं.

"आणि माझ्या आधी ते दोघं आले होते, तेव्हा?"

"तेव्हा?" पद्मजानं शेंगांची परडी माझ्याकडे सरकवली. "तेव्हा कपाटामागंच होती."